टिंब आलं की सांग

९ फेब्रुवारी, रविवार

आज गाळा उघडला. कुलूप गंजलं असेल अशी धास्ती होती, पण किल्ली सरळ फिरली. आत तोच वास, तेलाचा आणि लोखंडाच्या किसाचा. हे गेल्यापासून मी घोडपदेवच्या त्या गल्लीत पाय ठेवला नव्हता.

आनंदीबाईंमुळे ठेवला. लालबागला त्यांचं मिरची-मसाल्याचं कांडप आहे. लोखंडी मुसळं वरखाली होतात, ती सरळ राहावीत म्हणून त्यांना गनमेटलचे बुश बसवतात. बुश म्हणजे जाड नळीचा तुकडा, आतून भोक नेमकं मापाचं. हे बुश ह्यांच्याच हातचे. काल आनंदीबाई जिना चढून घरी आल्या. धापा टाकत म्हणाल्या, "जाई, माझी दोन मुसळं लटलटतायत. मार्च लागला की बायका मिरच्यांच्या पिशव्या घेऊन दारात उभ्या. बाजारातला बुश बसत नाही ग. माझं मशीन माझ्या सासऱ्याच्या वयाचं, आणि त्यांच्याइतकंच हट्टी. शामरावांचा लेथ आहे ना अजून?"

मी म्हटलं, आहे. ह्यांचं बुश कातायचं मशीन गाळ्यात तसंच उभं आहे.

विकासला आवडलं नाही. "आई, लेथ आहे. बाबा कुठे आहेत?" त्याचं ठरलेलं आहे. बाबांचं वर्षाचं पुण्यानुमोदन झालं की लेथ भंगारात द्यायचा आणि गाळा कुरियरवाल्याला भाड्याने. पोरगा मनाने वाईट नाही. त्याला त्या गल्लीचं तोंड बघायचं नाही एवढंच. गल्लीच्या नाक्यावरच टेम्पोने ह्यांना उडवलं. आज मीही नाक्यावरून मान खाली घालून गेले.

त्याला सांगितलं, कार्यक्रमापर्यंत थांब. आनंदीबाईंचे बुश ह्या लेथवर झाले तर लेथ राहील. नाही झाले तर भंगारवाल्याला मीच चहा करून देईन. तो म्हणाला, "करणार कोण?" माझ्या मनात होतं ते मोठ्याने म्हणायची मलाच लाज वाटली.

११ फेब्रुवारी, मंगळवार

साडीवरून ह्यांचा खाकी शर्ट घातला, पदर आत खोचला, मशीन चालू केलं.

एवढा संसार झाला तरी ह्यांनी मला लेथला हात लावू दिला नव्हता. पदर अडकेल म्हणायचे. शेवटच्या वर्षी काय झालं कोण जाणे, रोज मला बरोबर न्यायला लागले. "डबा घेऊनच चल." जाड काप मला घ्यायला लावायचे. मी म्हणायचे, ह्या वयात मला टर्नर करताय का? म्हणायचे, "शिकून ठेव." शेवटचा बारीक काप तेवढा स्वतः घ्यायचे. हँडल त्यांच्या हातात, मी शेजारी स्टुलावर. हँडलच्या मागे आकड्यांची गोल चकती असते. तिच्यावर ह्यांनी रंगाची टिंबं दिली होती. कुठल्या टिंबावर थांबायचं ते ठरलेलं. "टिंब आलं की सांग." टिंब रेघेसमोर आलं की मी म्हणायचे, "आलं." ते थांबायचे.

इतकं जवळ बसून आम्ही आधी कधी काम केलं नव्हतं. घरी तर हे फार बोलणारे नव्हतेच. उतारवयात माणूस मऊ होतो असं मला वाटायचं. मला ते वर्ष फार आवडलं होतं.

आज तेच करून पाहिलं आणि घाबरले. हँडल फिरवते आहे आणि धातू कापणारं हत्यार जागचं हलत नाही. चकती फिरते, आकडे जातात, हाताला काहीच लागत नाही. मग एकदम पकड येते आणि हत्यार पुढे सरकतं. उलटं फिरवलं तरी तसंच. ह्याला हे 'प्ले' म्हणायचे. ह्यांच्या फळीवर टर्नरच्या शिक्षणाचं मराठी पुस्तक आहे, त्यात 'बॅकलॅश' लिहिलंय. ते प्रकरण दोनदा वाचलं. मी चौथी शिकलेली, बाकीचं विहाराच्या वाचनालयात बसून शिकले. कथा-कादंबऱ्या समजतात. हे समजायला बोट ठेवून वाचावं लागलं.

१६ फेब्रुवारी, रविवार

कुशाबांना बोलावलं. हे आणि कुशाबा गिरणीच्या वर्कशॉपमध्ये शेजारी-शेजारी, हे टर्नर, ते फिटर. ते मालवणकडचे. गिरणी गेली, मैत्री राहिली. आता त्यांचे हात थरथरतात, चहाची बशी वाजते. पण दारातूनच आवाज तोच.

"जयभीम वैनी! लेथाक हार घालूक इलंय."

ही त्यांची जुनी मस्करी. खंडेनवमीला गल्लीतल्या सगळ्या गाळ्यांत मशीनला झेंडूचे हार. हे घालायचे नाहीत. त्या दिवशी हे लेथ उघडून धुऊनपुसून तेल द्यायचे आणि कुशाबा बाहेरून ओरडायचे, "शाम्या, बिचाऱ्याक एक तरी फूल घाल रे!" ह्यांचं उत्तर ठरलेलं, "फूल तुझ्या डोक्यात घाल, लेथाला तेल लागतं."

आज हे उत्तर द्यायला कोणी नव्हतं. कुशाबा स्टूल ओढून बसले आणि म्हणाले, "हँडल हलवा. हाताक काय लागता ता सांगा."

तासभर मला नुसतं हँडल पुढे-मागे करायला लावलं. प्ले दोन ठिकाणी आहे म्हणाले. एक तर स्क्रूच हँडलच्या टोकाला आतबाहेर सरकतो. दुसरं म्हणजे स्क्रू ज्या गनमेटलच्या नटातून जातो, त्या नटाचे आटे झिजलेत.

स्पॅनर शोधताना खालचा खण उघडला. आत डोळ्यांत घालायच्या औषधाच्या इवल्या बाटल्या. खण भरून. लेबलं खरवडलेली, काहींत मशीनचं तेल. मी हसले. "बघा कुशाबा, तुमचा मित्र किती काटकसरी. थेंब थेंब तेल सोडायला कुठून मागून आणल्या असतील इतक्या?"

कुशाबांनी एक बाटली उचलली, परत ठेवली. म्हणाले, "स्पॅनर गावलो काय?"

२० फेब्रुवारी, गुरुवार

हँडलच्या टोकाचा प्ले काढला. पितळी पत्र्यातून वॉशर कापला, कानशीने घासून पातळ केला. पहिला जाड झाला, दुसरा वाकडा. तिसरा बसला. कुशाबा म्हणाले, शाम्यान पण तीन कापल्यान असते. खोटं बोलतात माझ्यासाठी.

येताना नाक्यावर एक टेम्पो उलटा येत होता. माझे पाय तिथेच थांबले. त्या दिवशी हॉस्पिटलच्या जिन्यात ड्रायव्हर बसला होता, विशी-बाविशीचा. रडत म्हणत होता, "मैंने हॉर्न मारा था, काका ने देखा ही नहीं." मी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. दिवसाढवळ्या, सरळ रस्त्यावर, दिसणार नाही एवढा टेम्पो काय लहान असतो?

२३ फेब्रुवारी, रविवार

आज नट. तो दोन तुकड्यांचा आहे, मधे पाचर. वरून एक स्क्रू आवळला की पाचर खाली जाते, दोन्ही तुकडे दोन बाजूंना दाबले जातात आणि आट्यांतली पोकळी भरते. कुशाबा उशिरा येणार होते. मला वाटलं, एवढं तर मला जमेल. आवळत गेले. हँडल जरा हलवलं की हत्यार लगेच हलायला लागलं. प्ले जवळजवळ शून्य. मला इतका आनंद झाला की मी एकटीच "झालं" म्हणाले.

मग हत्यार बाहेर घ्यायला हँडल फिरवलं आणि ते थोडं जाऊन अडकलं. जोर लावला. ना पुढे, ना मागे.

कुशाबा आले, बघितलं आणि डोक्याला हात लावला. "वैनी, मेल्याचो गळो दाबलास तुम्ही."

मग सांगितलं. स्क्रू सगळीकडे सारखा झिजत नाही. ह्यांनी जन्मभर बहुतेक एकाच मापाचे बुश काढले. त्या मापाला स्क्रूचा जो भाग लागायचा तोच झिजला. टोकांचे आटे अजून जवळजवळ नवे आहेत. झिजलेल्या जागी घट्ट केलं की नव्या जागी जातच नाही.

"सगळो प्ले काढूचो नाय. थोडो ठेवूक होयो. नायतर ता चलाचा नाय."

मी विचारलं, "राहिलेल्या प्लेचं काय करायचं?"

"तो हातान काढूचो. जंय थांबूचा तेच्या मागे जावा, आणि परत एकाच बाजून येवा."

पाचर सैल केली. जिथे सगळ्यात घट्ट लागतं तिथेही हँडल एका हाताने फिरेल एवढी. आता प्ले आहे, पण पहिल्याच्या पाव हिस्साही नसेल.

१ मार्च, शनिवार

पहिला बुश वाया घालवला.

आधी बाहेरचा व्यास. त्यासाठी हँडल आत फिरवायचं. त्याचं टिंब एकच, जुनं, माझ्या लाल नेलपॉलिशचं. माप बरोबर आलं. मग आतलं भोक. त्यासाठी हँडल उलटं, आपल्याकडे फिरवायचं. त्या बाजूला टिंबांची रांग आहे. लाल, मग लेकीच्या, मनालीच्या कॉलेजच्या वेळची जांभळी, मग तिच्या लग्नातली गुलाबी, आणि शेवटी पांढऱ्या ऑइलपेंटची, चांगली टिकलीएवढी. मी शेवटच्या पांढऱ्या टिंबावर थांबले. ह्यांच्याबरोबर तिथेच थांबायचो.

भोक मोठं झालं. आनंदीबाईंनी जुनं मुसळ दिलं होतं, ते बुशात घातलं तर खुळखुळ्यासारखं वाजलं.

कुशाबा बराच वेळ चकतीकडे बघत होते. म्हणाले, चूक हाताची नाही. जसजसा प्ले वाढत गेला, तसतसं शाम टिंब पुढे सरकवत गेला. भोकासाठी हँडल उलटं फिरवलं की आधी सगळा प्ले रिकामा जायचा, मग काप लागायचा. तेवढं जास्त फिरवायचं हे त्या टिंबात धरलेलं आहे. आता आपण प्ले काढला. त्यामुळे पांढरं टिंब खोटं झालं. लाल, जांभळी, सगळीच.

मी म्हटलं, मग प्ले परत सैल करा.

त्यांना ती मस्करी वाटली. मी ते खरंच म्हणाले होते.

४ मार्च, मंगळवार

आज एकटी गेले. टिंबांकडे न बघता चकतीवरचे आकडे वाचून काम करायचं, असं ठरवून. चष्मा पुसला. साध्या लोखंडी सळीच्या तुकड्यावर काप घेतले, मोजले, पुन्हा घेतले. एकाच बाजूने यायचं, हे हाताला हळूहळू कळतंय.

मग एक गोष्ट लक्षात आली. आकडे किती ठसठशीत आहेत. कोरून काळा रंग भरलेले. माझ्या चाळिशीच्या चष्म्यातूनही स्वच्छ वाचता येतात. सुरुवातीची टिंबं मी समजू शकते. रोजचं एकच काम, आकडा आठवत बसण्यापेक्षा खूण बरी. पण ती तांदळाच्या दाण्याएवढी होती. मग पांढरी इतकी मोठी कशाला? आणि तेवढं मोठं टिंब समोर असताना मला का विचारायचे?

मशीन बंद केलं. खालचा खण उघडला. त्या बाटल्या बघत बसले.

५ मार्च, बुधवार

कुशाबा आल्या आल्या त्या बाटल्यांचं विचारलं. चहासुद्धा दिला नाही.

ते म्हणाले, "माका शपथ घातलेली, वैनी."

"माणूस गेला. शपथ कसली?"

"काचबिंदू. समोरचा दिसायचा, ता पण धुरकट. बाजूचा नाय. डॉक्टरन सांगितलान, गेली ती नजर परत येवची नाय." शनिवारी हे पतपेढीत जातो म्हणायचे, तेव्हा दोघे डोळ्यांच्या दवाखान्यात जात. कुशाबांनी घरी सांग म्हटलं होतं. हे म्हणाले, विकासला कळलं तर तो त्याच दिवशी गाळा बंद करील. "जाईक शिकवतंय. ती मशीनवर एकटी उभी रवली की मीच सांगतंय. तोवर गप रव." आणि कुशाबा गप्प राहिले. अजूनही राहिले असते.

मग मी त्यांना चहा करून दिला.

रागावले आहे की नाही, मला कळत नाही. आधी लिहिलं की ते माझ्याजवळ बसत नव्हते, माझ्या डोळ्यांजवळ बसत होते. मग खोडलं. ते वर्ष मला आवडलं होतं ते काही खोटं नाही. ह्यांनाही आवडलं असेल. आता विचारणार कोणाला?

काका ने देखा ही नहीं. वर्षभर त्या पोराला मी मनातून शिव्या घालते आहे.

९ मार्च, रविवार

मनालीची रिमूव्हरची बाटली नेली होती. चकतीवरची भोकाच्या बाजूची टिंबं पुसली. खोटी खूण मशीनवर ठेवायची नाही, हे ह्यांनीच शिकवलेलं. जांभळं आणि गुलाबी लगेच गेलं. लाल खूप वर्षांचं, पण गेलं. पांढरं ऑइलपेंटचं होतं, ते निघेना. पात्याने खरवडायला घेतलं आणि थांबले. राहू दे. ते आता कुठल्याच मापाचं नाही.

१६ मार्च, रविवार

एक बुश झाला.

थांबायच्या आकड्याच्या मागे गेले, परत एकाच बाजूने आले, काप घेतला. मोजलं, पुन्हा घेतला. शेवटी मुसळ घातलं तेव्हा ते आपल्या वजनाने हळूहळू खाली उतरलं, न वाजता. कुशाबांनी ते चार वेळा वर घेऊन सोडलं. मग नाक पुसत म्हणाले, "आता तरी हार आणू काय?"

मी म्हटलं, "फूल तुमच्या डोक्यात घाला."

खूप दिवसांनी दोघेही हसलो.

संध्याकाळी बुश आनंदीबाईंना दिला. त्यांनी लगेच बसवून मशीन चालू केलं. एक मुसळ सरळ, दुसरं अजून लटलटतंय. मिरचीचा खकाणा उडाला, दुकानातल्या सगळ्यांचे डोळे वाहायला लागले. माझेही. आनंदीबाई म्हणाल्या, "पदर लाव ग तोंडाला." मी लावला आणि बराच वेळ काढला नाही.

२२ मार्च, शनिवार

वर्ष झालं. विहारातून भन्तेजी आले, वंदना झाली, चाळीतली माणसं जेवून गेली. मनाली भांडी आवरायला थांबली. विकास खुर्च्या परत देऊन आला आणि म्हणाला, "आई, सोमवारी भंगारवाल्याला बोलावतो. एकच बुश झालाय ना?"

मी त्याला समोर बसवलं आणि बाबांच्या डोळ्यांचं सांगितलं. बाटल्यांचं, टिंबांचं, सगळं.

त्याने पहिल्यांदा विचारलं, "मला का नाही सांगितलं?"

"मलाही नाही सांगितलं."

"मी गाळा बंद करायला लावला असता," तो म्हणाला.

"म्हणूनच."

तो उठून गॅलरीत गेला. मनाली त्याच्या मागे जायला निघाली, मी तिला थांबवलं.

२३ मार्च, रविवार

मी शर्ट घालत होते तेव्हा विकास चपला घालून दारात उभा होता. माझ्याबरोबर निघाला. नाक्यावर थांबून त्याने डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, मग माझा दंड धरून रस्ता ओलांडला. मीही आज मान वर करून गेले.

कुशाबांना आज येऊ नका सांगितलं होतं. विकास गाळ्यात अवघडून उभा राहिला. कुठे टेकायचं त्याला कळेना. मी स्टूल दाखवलं. तो बसला. समोरच चकती.

"हेच का ते पांढरं?"

"हेच. त्याच्यावर जायचं नाही आता. हा बघ, हा आकडा. तो ह्या रेघेसमोर आला की झालं."

बाहेरचा व्यास झाला. आतले जाड काप झाले. शेवटचा बारीक काप राहिला. मी हँडल आकड्याच्या मागे नेलं, प्ले हाताने काढला आणि सावकाश परत आणायला लागले. विकास वाकून बघत होता. लहानपणी वर्तमानपत्र वाचताना ओठ हलवायचा, तसे त्याचे ओठ हलत होते. आकडा मला स्वच्छ दिसत होता. तो रेघेला लागतच होता.

तरी मी तो बोलेपर्यंत हँडलवरचा हात काढला नाही.

"आलं," विकास म्हणाला.

मी थांबले.

काप घेऊन झाला. मुसळ घातलं, ते न वाजता खाली उतरलं. विकासने फोन काढला आणि बाहेर जाऊन कोणाला तरी उद्या येऊ नका म्हणून सांगितलं. परत आल्यावर म्हणाला, "दिवाळीपर्यंत बघू."

मी लेथ पुसायला घेतला. त्याने खण उघडला, एक बाटली काढली, ती ट्यूबलाइटसमोर धरून आत तेल आहे का बघितलं, आणि विचारलं, "कुठे कुठे सोडायचं?"